ई ०६०४ म्हणजे काय? अमेरिकन इन्शुरन्सचं काम करणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
यूएस हेल्थकेअर प्रोसेसला असलेली समस्त मराठी मंडळी,
हिंजवडी, खराडी, ऐरोली, नागपूर आणि जिथे जिथे संध्याकाळी कॅब न्यायला येते तिथे तिथे

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. माझ्या इन्शुरन्स कंपनीला इंग्रजीत जे काय लिहायचं ते सगळं लिहून झालंय, फॅक्ससुद्धा करून झालाय (हो, फॅक्स, या देशात अजून चालतो). हे पत्र कंपनीला नाही, तुम्हाला आहे. कारण माझा क्लेम ज्या स्क्रीनवर उघडला असेल त्या स्क्रीनसमोर बहुतेक तुमच्यापैकीच कोणीतरी बसलं होतं, आणि हे मी अंदाजाने बोलत नाहीये, माझ्या कानाने ऐकलंय.

फेब्रुवारीतली गोष्ट. इकडे दुपारचे अडीच, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. ब्रेस्ट पंपाच्या (दूध काढायच्या यंत्राच्या) भाड्याचा क्लेम रिजेक्ट का झाला ते विचारायला मी कस्टमर केअरला फोन लावला होता, चाळीस मिनिटं ती बासरीसारखी ट्यून ऐकली, मग एक मुलगी लाइनवर आली, अगदी गोड, घोटून पाठ केलेलं इंग्रजी. मी सांगितलं की बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहे, पंप भाड्याने घेतलाय, तुम्ही नाही म्हणताय. ती म्हणाली ‘वन मोमेंट मॅम’, आणि तिला वाटलं तिने म्यूट केलंय. पण म्यूट झालंच नव्हतं. पलीकडून स्पष्ट आवाज आला, ‘अगं, हे ई झिरो सिक्स झिरो फोर काय असतं गं? पंप तर हिला दिलाय ना आधीच?’ आणि दुसरी कोणीतरी चिप्स खात खात म्हणाली, ‘डुप्लिकेट असेल, बघ ना सिस्टीममध्ये.’

मला हसू आलं आणि रडूही आलं, बाळंतपणाच्या पाचव्या आठवड्यात दोन्ही एकदमच येतं. मी मराठीत म्हटलं, ‘डुप्लिकेट नाहीये गं ते.’ पलीकडे एकदम शांतता. मग ती परत इंग्रजीत, ‘मॅम, धिस कॉल इज बीइंग रेकॉर्डेड.’ कळलं मला, नोकरी आहे तिची. पण त्यानंतर तिने जे केलं ते आधीच्या तीन कॉलमध्ये कोणी केलं नव्हतं, ते शेवटी सांगते.

आधी तो पंप. तुमच्यातल्या ज्यांना घरी लहान बाळ आहे त्यांना माहीत असेल, बाकीच्यांनी जरा धीर धरा.

आमचं बाळ ३१व्या आठवड्यात आलं. शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये डोहाळजेवण ठरलेलं, हिरवी साडी इस्त्री करून लटकवलेली, आणि बुधवारी पहाटे सिझर. आईचं तिकीट ड्यू डेटच्या हिशोबाने, म्हणजे मार्चचं. ती तिकडे, तिचे डिंकाचे लाडू नि अळीव तिकडे, मी इकडे व्हीलचेअरवर, आणि बाळ काचेच्या पेटीत. तिसऱ्या तासाला नर्सने एक मोठा पंप ढकलत आणला, स्टँडवरचा, सलाईनच्या स्टँडसारखा, आणि म्हणाली दर दोन-तीन तासांनी, दिवसातून निदान आठ वेळा, रात्रीसुद्धा. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला ओढायची ताकद नसते आणि शरीराला तर कोणीतरी सांगायला लागतं ना की बाळ झालंय, दूध पाहिजे. ते सांगायचं काम सुरुवातीचे आठवडे ते यंत्र करतं.

पहिल्या दिवशी काय आलं माहितीये? चीक. एक एमएलच्या सिरिंजमध्ये ओढून घेतला तर ०.६ भरला. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, ‘अगं खरवसाचा थेंब थेंब मोलाचा असतो, टाकू नको काही.’ त्या सिरिंजवर बाळाच्या नावाचं स्टिकर लावून नवरा दोन मजले खाली घेऊन गेला, दोन्ही हातांनी, जसं काही तीर्थच आहे. उरलेलं पोट मिल्क बँकेच्या, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या, दुधावर. त्याच्या कन्सेंट फॉर्मवर सही करताना माझा हात अडला, तर आईच म्हणाली, ‘कर सही, आपल्याकडे सायनच्या हॉस्पिटलात कधीपासून आहे की मिल्क बँक.’ खरंच आहे, १९८९ पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली.

मूळ मुद्दा पुढे आहे. चौथ्या दिवशी मला डिस्चार्ज, बाळाला नाही. स्टँडवरचा पंप हॉस्पिटलचा. आता घरी काय?

इन्शुरन्सचा पंप मी शहाण्या मुलीसारखा २८व्या आठवड्यातच ऑर्डर केला होता. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन दिलेलं, इन-नेटवर्क (कंपनीच्या यादीतला) सप्लायर शोधलेला, सगळं. पण सप्लायरचा नियम असा की ड्यू डेटच्या ३० दिवस आधीच पाठवणार, त्याआधी नाही. बाळ ड्यू डेटच्या नऊ आठवडे आधी आलं. म्हणजे पंप अजून गोडाऊनमध्येच. डॉक्टरच्या ऑफिसने फोनाफोनी केली तेव्हा सहाव्या दिवशी दारात आला.

आणि आला तरी तो वेगळ्या कामाचा पंप आहे हो! लॅक्टेशन कन्सल्टंट (स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्या) बाई स्पष्ट म्हणाल्या, हा तू ऑफिसला जायला लागलीस की वापर, आत्ता दूध आणायचंय, आत्ता मोठा भाड्याने घे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच रेंटल मिळत होता. महिन्याला ८० डॉलर, शिवाय स्वतःचं किट ६५ डॉलर. आई हे ऐकून फोनवर किंचाळलीच, ‘दुसरीने वापरलेला?’ मग तिला समजावलं की मोठ्या पंपाची रचनाच अशी असते की दूध मोटरपर्यंत पोचत नाही, मध्ये अडसर असतो, आणि ज्याला ज्याला दूध लागतं ते फनेल, नळ्या, बाटल्या, व्हॉल्व्ह प्रत्येकीचं आपापलं, सीलबंद किट उघडून. अमेरिकेचं एफडीए (औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) पण हेच सांगतं, एकापेक्षा जास्त बायकांसाठी बनवलेला असेल तोच भाड्याने किंवा शेअर करायचा, एकटीसाठी बनवलेला पंप मैत्रिणीचा, वहिनीचा, कोणाचाही वापरायचा नाही. (मंडळातल्या बायकांनो, हे तुम्हालाही. ‘माझा पडलाय गं कपाटात, ने’ असं प्रेमाने म्हणतात, मोटरमध्ये ओल जाऊन बुरशी धरलेली दिसत नाही आणि ती भाग धुऊन जात नाही.)

तर आता ज्यांनी सिस्टीममध्ये ‘डुप्लिकेट’ असा रूल टाकलाय त्या बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) आणि कॉन्फिगरेशनवाल्या मित्रमैत्रिणींना विचारते. लग्नाला आपण मोठी पातेली भाड्याने आणतो की नाही? तेव्हा कोणी म्हणतं का की तुमच्या घरात ऑलरेडी तीन लिटरचा कुकर आहे, पातेलं नामंजूर? आणि लग्न झाल्यावर रोज दोन माणसांच्या भातासाठी ते पातेलं कोणी घरी ठेवून घेतं का? माझ्या केसमध्ये एवढंच आहे.

भाड्याचा पंप तीन किलोच्या आसपास, हे धूड ऑफिसच्या बॅगेत घालून ट्रेनने जायचं म्हणजे वेडेपणा. विकत घ्यायला गेलं तर हजारो डॉलर, कोणी घेत नाही आणि घेऊही नये, लागतो दोन-तीन महिने. आणि स्वतःचा छोटा पंप हलका, बॅगेत मावतो, वर्षभर साथ देतो, पण दूध आधी जमलेलं असेल तर. वेळेवर झालेलं, नीट ओढणारं बाळ असेल तर भाड्याची भानगड करूच नये, मी माझ्या धाकट्या जावेला हेच सांगितलं, सरळ इन्शुरन्सचा घे, फुकट आहे, वरचे पैसे देऊन अपग्रेड पण करू नको. पण बाळ पेटीत असेल, जुळी असतील, ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, आई स्वतः आयसीयूत असेल, तर आधी भाड्याचा, मग स्वतःचा. दोन्ही. आणि याच क्रमाने.

यात भर म्हणजे तो ‘हॉस्पिटल ग्रेड’ शब्द. एफडीएच्या लेखी या शब्दाला ठराविक अर्थच नाही, त्यामुळे जो तो आपापल्या खोक्यावर छापतो. माझ्या दोनशे डॉलरवाल्या पंपाच्या खोक्यावरही छापलेलं. दुसऱ्या कॉलवरचा मुलगा मला म्हणाला, मॅम तुमचा पंप हॉस्पिटल ग्रेडच आहे, मग रेंटल कशाला? आता त्याचं काय चुकलं म्हणा, त्याच्या स्क्रीनवर प्रॉडक्टचं नाव तसंच दिसत असणार.

पण तुमच्याकडे तर कोड आहेत ना, खोक्यावरच्या जाहिरातीवर जायचं कामच नाही. ई ०६०२ म्हणजे हाताने दाबायचा. ई ०६०३ म्हणजे इलेक्ट्रिक, घरी ठेवून घ्यायचा. ई ०६०४ म्हणजे हॉस्पिटलवाला मोठा. कोडपुढे एनयू लावलं की नवीन विकत, आरआर लावलं की भाड्याने. माझ्या नावावर एक ई ०६०३ एनयू होता आणि वर ई ०६०४ आला. दोन वेगळे कोड, तारखा वेगळ्या, आणि तरी सिस्टीमने म्हटलं एका प्रेग्नन्सीला एक पंप, कोटा संपला.

खरं तर पहिलं रिजेक्शन त्याहून भारी होतं. कारण काय, तर प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे कंपनीची आधी परवानगी, घेतलं नाही. अहो, मी ३१व्या आठवड्यात बाळंत होणार याचं ऑथरायझेशन मी कोणाकडून घेणार होते, सटवाईकडून? रिव्ह्यूला लागू शकतात १५ दिवस आणि दूध यायचं-जायचं ठरतं पहिल्या दोन आठवड्यांत. तुमचा टीएटी (काम किती वेळात उरकलं तो आकडा) हिरवा राहतो आणि तोपर्यंत तिकडे बाईचं दूध आटलेलं असतं.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगते, कारण तुमच्या ट्रेनिंगमध्ये बेनिफिट शिकवतात, ते आलं कुठून ते बहुतेक शिकवत नाहीत. २०१०चा अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट, ओबामाकेअर म्हणतात तो, त्याखाली ऑगस्ट २०१२ पासून सुरू झालेल्या प्लॅन्सना स्तनपानाची मदत आणि उपकरणं को-पे (आपल्या खिशातून भरायचा वाटा) न लावता द्यावी लागतात, अगदी जुने ग्रँडफादर्ड प्लॅन सोडून. फक्त भाड्याने द्यायचा की विकत, हे ठरवायची मुभा प्लॅनला ठेवली, आणि सगळी मेख तिथेच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं की हे कव्हर बाई प्लॅनमध्ये आहे आणि पाजतेय तोवर चालू, सहा महिने झाले म्हणून कापायचं नाही. मग डिसेंबर २०२१ ला मार्गदर्शक सूचना सुधारल्या, २०२३ पासूनच्या प्लॅन्सना लागू, त्यात डबल इलेक्ट्रिक पंप, त्याचे पार्ट, दूध साठवायचं सामान, सगळं नाव घेऊन लिहिलंय, आणि हेही की आधी हातपंप वापरून फेल झाल्याचं दाखवा अशी अट घालायची नाही. मोठ्या पंपाचं भाडं मात्र नाव घेऊन कुठे लिहिलेलं नाही. तिथे ‘मेडिकल नेसेसिटी’, म्हणजे वैद्यकीय गरज, येते, आणि ती कोण ठरवतं, तर एक पॉलिसी डॉक्युमेंट, आणि ते डॉक्युमेंट वाचून एक एसओपी (काम कसं करायचं त्याची ठरलेली पद्धत), आणि ती एसओपी वाचून तुम्ही.

म्हणजे दोष तुमचा नाही, हे मला कळतं. माझा चुलतभाऊ तीन वर्षं अशाच प्रोसेसला होता. तो म्हणतो, ‘ताई, एका क्लेमला आम्हाला काही मिनिटं मिळतात, क्वालिटीवाला डोक्यावर, मी तिथे बाळाचा विचार केला तर माझा स्कोर जातो.’ बरोबर आहे त्याचं. तुम्ही साहेबांना जाऊन अमेरिकेची पॉलिसी बदला असं म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी बदलणार नाही.

पण काही गोष्टी तुमच्या हातात असतात, हेही त्यानेच सांगितलं. एसओपीमध्ये काही बसत नसेल तर क्लायंटकडे क्वेरी टाकता येते. ज्या टेस्टिंगवाल्या पोरी डुप्लिकेटचे टेस्ट केस लिहितात त्यांनी एक केस जास्तीची लिहायची, ई ०६०३ एनयू दिलेला आहे आणि त्याच आईला ई ०६०४ आरआर आलाय, बाळाचा स्वतःचा एनआयसीयू क्लेम त्याच फॅमिली पॉलिसीवर पेंडिंग आहे, अपेक्षित निकाल डिनायल नाही, मॅन्युअल रिव्ह्यू. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगच करते, हा केस लिहायला दहा मिनिटं लागतील. त्या एनआयसीयूच्या एका रात्रीचं बिल हजारो डॉलरचं असतं, ते तुमच्याच सिस्टीममधून पास होतं, आणि शेजारच्या स्क्रीनवर ८० डॉलर अडतात. आईच्या दुधावरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आतड्याचा तो भयंकर आजार, एनईसी म्हणतात तो, व्हायचा धोका कमी असतो, म्हणजे नुसत्या पैशाच्या हिशोबाने बघितलं तरी कंपनीचाच फायदा. एक्सेलवाल्याला हे दिसत नाही कारण त्याच्या शीटमध्ये फक्त एवढंच येतं की तीन महिन्यांचं भाडं २४० आणि विकतचा पंप त्याहून स्वस्त.

आणि डिनायल लेटरचं टेम्प्लेट जे कोणी एडिट करत असेल त्यांनी त्यात तेवढी एक ओळ टाकावी, की डॉक्टरच्या पत्रात काय काय लिहून आणायचं. मला आलेल्या पत्रात मराठीसकट पंधरा-वीस भाषांत ‘दुभाषी हवा असल्यास फोन करा’ असं होतं, आणि नक्की काय कमी आहे ते एकाही भाषेत नव्हतं.

मी काय केलं ते सांगते, कारण हे पत्र इकडच्या बायकाही वाचतील. अपीलला रिजेक्शनपासून १८० दिवस मिळतात, घाई नसते, पण मी एप्रिलमध्येच केलं, बाळ मांडीवर, लॅपटॉप उशीवर. जूनमध्ये उत्तर आलं. दोन महिन्यांचं भाडं मंजूर, तिसऱ्याचं नाही, कारण बाळ घरी आलं म्हणजे गरज संपली असं त्यांचं म्हणणं. (३८ दिवसांनी घरी आलेलं बाळ दुसऱ्या दिवसापासून वासरासारखं ढुशा देऊन पितं असं वाटतं त्यांना बहुतेक.) किटचे पैसे नाहीत, ते म्हणे सोयीची वस्तू. ३०५ पैकी १६० मिळाले. उरलेले १४५ नवऱ्याच्या एचएसएमधून (औषधपाण्यासाठी टॅक्स न लागता पैसे साठवायचं खातं) काढले, पंप आणि त्याचं सामान त्यात बसतं, आयआरएसने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, २०११ मध्येच सांगितलंय. पैसे फार मोठे नव्हते, मला माहितीये. आम्हाला दोघांना नोकरी आहे, इंग्रजी येतं, भांडता येतं. एडिसन गावातल्या त्याच एनआयसीयूमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गुजराती बाई होती, नवरा ग्रोसरीच्या दुकानात, तिने पहिल्या रिजेक्शनला घाबरून मोठा पंप परत केला. तिच्या बाळाला पुढे काय दिलं, विचारायचं धाडस नाही झालं माझं.

रात्री तीनला तो पंप चालू असायचा तेव्हा मोटरचा आवाज मला ‘चल ना, चल ना’ असा ऐकू यायचा. आई आली तेव्हा तिला सांगितलं तर म्हणाली, मला ‘झालं का, झालं का’ असं ऐकू येतं. ती अळिवाची खीर घेऊन उभी असायची शेजारी. दूध वाढलं ते तिच्या मते खिरीने, कन्सल्टंटच्या मते पंपाने, मी दोघींनाही हो म्हटलं. एप्रिलच्या शेवटी भाड्याचा पंप पुसून, वायर गुंडाळून परत केला आणि मग माझा छोटा पंप कामाला लागला, ऑफिसात, झेरॉक्सच्या खोलीशेजारी एक कडी असलेली खोली दिलीये, २०२२ च्या कायद्याने द्यावीच लागते आणि बाथरूम चालत नाही. सगळं यंत्र पर्समध्ये मावतं. त्या कामाला तो एकदम झकास आहे, त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला.

आता त्या फोनवरच्या मुलीला.

तुझं नाव मी लिहून घेतलं नाही, आणि तू सांगितलंस ते नाव खरं होतं की प्रोसेसपुरतं घेतलेलं होतं तेही माहीत नाही. रेकॉर्डिंगचं सांगून झाल्यावर तू दोन मिनिटं टाइप करत होतीस, मग एकदम हळू आवाजात, इंग्रजीतच पण आपल्या चालीत म्हणालीस, की मॅम, डॉक्टरच्या पत्रात बाळाची एनआयसीयूची अ‍ॅडमिट तारीख टाकायला सांगा, किती आठवड्यांचं ते टाकायला सांगा, आणि कोडपुढे आरआर आहे का ते बिलावर बघा, नाहीतर ते विकत घेतलेला समजतात. बिलावर आरआर नव्हतंच. रेंटलवाल्याने लावायचं राहिलं होतं. ते दुरुस्त केलं म्हणून तर अपील उभं राहिलं. कॉल संपायच्या आधी तू स्क्रिप्टमधलं ‘एनिथिंग एल्स’ विचारलंस आणि मी नाही म्हटल्यावर फार बारीक आवाजात ‘काळजी घ्या हं’ म्हणालीस. रेकॉर्डिंगमध्ये आलं असेल तर क्वालिटीवाल्याने मार्क कापले नसतील अशी आशा करते.

बाळ आता सात किलोचं आहे. आणि चिप्स खाणाऱ्या तुझ्या त्या मैत्रिणीला सांगितलंस का गं, ई ०६०४ म्हणजे काय ते?

तुमची,
एक पॉलिसीहोल्डर, न्यू जर्सी